मैदान कुणासाठी?

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात क्रीडा विभागाचा अहवाल वाचला जातो, तेव्हा त्यात चषक, पदके आणि विद्यापीठ संघात निवड झालेल्यांची नावे असतात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण उरलेल्या शेकडो मुलामुलींनी वर्षभरात काय खेळले, हे त्या अहवालात कधीच नसते. मला वाटते, खरा अहवाल तोच.

पुसदसारख्या गावातल्या कला महाविद्यालयांची मुले येतात कुठून? आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांवरून. सकाळी एस.टी.ने यायचे, तास संपले की एस.टी.ने परतायचे. आपल्याकडे मैदानावरचा सराव मात्र सायंकाळी. म्हणजे खेळावेसे वाटले तरी गाडी चुकण्याची धास्ती! गावातलीच चार-दोन मुले मग मैदानावर उरतात, आणि ‘विद्यार्थ्यांना खेळाची आवडच नाही’ असे आपण म्हणून मोकळे होतो.

यात सर्वांत जास्त नुकसान मुलींचे होते. अनेकींसाठी महाविद्यालयाची तीन वर्षे ही धावण्या-खेळण्याची अखेरची संधी. पुढे लग्न, संसार, शेती, नोकरी. एकविसाव्या वर्षी सुटलेला खेळ चाळिशीत गुडघे दुखू लागल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू होत नसतो.

जागा नाही, पैसा नाही, ही नेहमीची सबब. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा पुरते, वर दोन खांब. मुलींच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटर. यात महागडे असे काय आहे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे! हा आपल्याच मातीतला खेळ.

अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ साली त्या मंडळाच्या चमूने बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पण बर्लिन नंतर आले. आधी आखाड्यात रोज येणारी साधी पोरे होती. अमेरिकेतील अनेक लहान महाविद्यालये ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तरीही मुले हौसेने खेळतात. ज्यांची संघात निवड होत नाही, त्यांच्यासाठी वसतिगृहा-वसतिगृहांचे सामने असतात. आपल्याला वर्गा-वर्गांचे सामने भरवायला कुणी अडवले आहे?

माझे म्हणणे इतकेच, की आठवड्यातून तीन दिवस खेळाचा तास दुपारच्या वेळापत्रकातच घाला, परतीच्या गाडीच्या आधी. त्यातला एक दिवस फक्त मुलींचा असू द्या. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक मिळू लागले आहेत, ही चांगली गोष्ट. पण ते हजेरीच्या कागदावर न राहता मैदानावर मिळाले पाहिजेत. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर ७,००० रुपयांना गहाण टाकले होते. आजच्या प्राचार्यांकडे कुणी घर मागत नाही. वेळापत्रकातला एक तास मागतो आहोत.

आणि पालकांनो, जबाबदारी आपलीही आहे. ‘आज काय शिकवले?’ हे आपण मुलांना विचारतोच. रविवारी सगळे घरी असतात. ‘या आठवड्यात काय खेळलीस?’ हेही लेकीला एकदा विचारून पाहा. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाऊन त्याचे कारण विचारा.