माळ्यावरचा मोडेम

माळा आवरायला काढला की काय हाती लागेल याचा नेम नसतो. गेल्या दिवाळीआधी माहेरी गेले होते, तेव्हा आईच्या जुन्या पातेल्यांमागून दादाचा मोडेम निघाला. पुढे लाल दिव्यांची ओळ, मागे टेलिफोनच्या वायरीसाठी दोन भोकं. माझी लेक विचारते, "आई, हा रेडिओ आहे का गं?"

संगणकाच्या अक्षरांचे सूर करून ते टेलिफोनच्या तारेवरून धाडायचे आणि पलीकडून आलेल्या सुरांची पुन्हा अक्षरं करायची, हे मोडेमचं काम. पण तो टाइप केलेले हुकूमही ऐकतो बरं का! १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीने 'स्मार्टमोडेम' काढला, त्याच्याबरोबर ही हुकमांची भाषा आली आणि मग इतरांनीही तीच उचलली. हुकमाच्या आरंभी 'एटी' ही दोन अक्षरं. एटी म्हणजे 'अटेन्शन', आपल्या भाषेत 'अहो, ऐकलंत का?' (आपल्याकडे दोनदा म्हणावं लागतं, मोडेमला एकदा पुरतं.) नुसतं 'एटी' लिहून एंटर दाबलं, की पडद्यावर 'ओके' उमटतं. 'एटीडीटी' आणि पुढे नंबर लिहिला की फोन लागतो; टकटक करणाऱ्या जुन्या एक्स्चेंजसाठी शेवटी 'टी'ऐवजी 'पी'. नंबरात स्वल्पविराम घातला तर तिथे तो दोन सेकंद थांबतो. 'एटीएम' पुढे शून्य म्हणजे ती किंकाळी बंद. रात्री बाबा झोपले की दादा आधी हाच हुकूम द्यायचा! आणि 'एटीएच' म्हणजे फोन ठेव.

ही गोष्ट १९९८ सालची. आम्ही पुण्यात, मी पाचवीत, दादा इंजिनिअरिंगला. घरात फोन एकच. दादाचं इंटरनेट म्हणजे नुसती अक्षरं, चित्रबित्र काही नाही, पण संध्याकाळी बसला की दोन दोन तास उठत नसे. एके दिवशी साताऱ्याला आजी न्हाणीघरात पडली. मामा दीड तास एसटीडी बूथवर उभे, आणि आमचा फोन एंगेज. शेवटी त्यांनी शेजाऱ्यांकडे निरोप दिला, तोवर रात्र झाली होती. आई सकाळच्या गाडीने गेली. आजी त्यातून उठली, पण परत आल्यावर आई दोन दिवस दादाशी बोलली नाही. रागावली असती तर बरं, असं त्याला झालं.

तिसऱ्या दिवशी त्याने छोटासा प्रोग्राम लिहिला. मोडेमला हाक मार, 'ओके' येईपर्यंत थांब, नंबर लाव. 'बिझी' आलं तर मिनिटभराने पुन्हा लाव. 'कनेक्ट' आलं तर घड्याळ बघ आणि वीस मिनिटांनी फोन ठेव. पण फोन काही ठेवला जाईना! 'एटीएच' ही अक्षरं मोडेमने इमानेइतबारे पलीकडे धाडून दिली. एकदा जोडणी झाली की येईल ते अक्षर त्याला मजकूरच वाटतं.

मी आता शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा ही अडचण मला चांगली कळते. शुद्धलेखन घालताना "खिडकी लाव रे" म्हटलं, तर एखादा तेही वहीत उतरवतो. म्हणून मी आधी थांबते, मग बोलते. मोडेमचंही तसंच. अधिकाची तीन चिन्हं, पण त्यांच्या आधी एक सेकंद आणि नंतर एक सेकंद शांतता. मग तो मजकूर सोडून हुकूम ऐकायला लागतो. ही युक्ती डेल हेदरिंग्टन यांची. १९८५ साली तिचं पेटंट मिळालं. पेटंटचे पैसे वाचवायला काहींनी शांततेविना चालणारे मोडेम काढले, त्यांच्यात मजकुरात नेमकी तीच अक्षरं आली की मध्येच फोन तुटे.

दादाने दोन्हीकडे थांबा घातला आणि काम झालं. पण आईचा प्रोग्रामवर विश्वास बसेना. "मला हाताने करायला शिकव," म्हणाली. तिने तोवर कळफलकाला बोट लावलं नव्हतं. सेकंदाचं माप तिचं स्वतःचं होतं: सावकाश 'श्रीराम, श्रीराम' म्हणायचं, मग तीन अधिक, पुन्हा 'श्रीराम, श्रीराम', मग एटीएच. दादा जेवायला उठला नाही की ही मागून येऊन फोन ठेवायची!

ही भाषा अजून चालते हं. सिमकार्ड घालून चालणारे छोटे मोडेम मिळतात, तेही 'एटी'लाच ओ देतात.

तुमच्याकडे असा मोडेम निघाला तर त्याचाच अडॅप्टर लावा, पिन बसते म्हणून दुसरा खुपसू नका. आजच्या लॅपटॉपला जोडायची वायर दुकानात मिळते, आणि 'ओके' म्हणायला त्याला टेलिफोनची लाइनही लागत नाही. आम्ही पाडव्याला जोडला. लेक टाइप करायला धावली, तर आई म्हणाली, "थांब, आधी मी." एका बोटाने तिने ए दाबलं, टी दाबलं, एंटर दाबलं. ओके आलं.