ढगातील बर्फाचा हिशेब

पाणी शून्य अंशाला गोठते, हे शाळेत शिकलेले वाक्य ढगाला लागू पडत नाही. हिवाळ्यात वारा पर्वताच्या उतारावरून वर चढतो, थंडावतो आणि त्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. उणे १० अंशांतही ते बहुधा द्रवच राहतात. शुद्ध थेंबाला आपणहून गोठण्यास सुमारे उणे ३८ अंश लागतात. त्याआधी गोठायचे तर बीज हवे. वाळवंटातील धुळीचा कण, क्वचित पानांवरून उडालेला एखादा जीवाणूसुद्धा. एकदा हिमस्फटिक तयार झाला, की भोवतीचे थेंब आटतात आणि त्यांचे बाष्प त्यावर जमते.

आयुष्यभर जमाखर्च तपासलेल्या माणसाला नवल वाटते ते पुढच्या आकड्यांचे. उणे १० अंशांच्या आसपास लिटरभर हवेत एक बीजकणही मिळेल, याची खात्री नसते. तरीही स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखच्या वेधशाळेत, सुमारे ३५८० मीटर उंचीवर, ढगात लिटरमागे शेकडो हिमस्फटिक मोजले गेले आहेत. हा ताळा जुळावा कसा?

काही भाग बाहेरून येतो: वारा डोंगरावरील हिम व दहिवर उडवून ढगात मिसळतो. उरलेली वाढ ढगातच होते, व्याजावर व्याज चढावे तशी. स्फटिक एकमेकांवर आदळून तुटतात. गोठणारे मोठे थेंब फुटतात. १९७४ मध्ये हॅलेट व मॉसॉप यांनी दाखविले, की उणे ३ ते उणे ८ अंशांत हिमकणावर थेंब आदळून गोठताना बर्फाच्या सूक्ष्म किरचा उडतात. पन्नास वर्षे हेच प्रमुख कारण मानले गेले. २०२४ मध्ये मात्र जर्मन संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी हीच प्रक्रिया प्रयोगशाळेत पाहिली, तेव्हा अशा किरचा जवळजवळ आढळल्याच नाहीत. प्रस्थापित नोंदही पुन्हा तपासली जाते, हे मला विज्ञानाचे मोठे बळ वाटते.

या हिशेबावर पैसाही अवलंबून आहे. अमेरिकेतील आयडाहोमध्ये डोंगरावरचे हिम वितळून वीज व सिंचनाला पाणी मिळते. म्हणून तेथे ढगांत सिल्व्हर आयोडाइडचे बीज पेरतात. जानेवारी २०१७ मध्ये विमानाने नागमोडी पेरणी केली आणि रडारवर त्याच नागमोडी रेषेत हिम पडताना दिसले. परंतु हे घडले ते नैसर्गिक हिम तुरळक असताना. ज्या ढगात स्वतःचाच बर्फ मुबलक आहे, तेथे पेरणीचा खर्च व्यर्थ जातो. आणि तो ढग कोणता, हे विमान उडण्यापूर्वी ओळखणे अद्याप कठीणच आहे.