बहात्तरच्या शिरगणतीवर भरणारी संसद

मॉरिशसमध्ये पाकीट उघडले की देशाचे राजकारणच हाताला लागते. 25 रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे आह-चुएन, 50 वर फ्रेंच वंशाचे पातुरो, 100 वर तमिळ सिनीवासेन, 200 वर मुस्लिमांचे नेते अब्दुल रझाक मोहम्मद, 500 वर सुखदेव बिसुनदयाल, 1000 वर मुख्यतः आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या क्रिओलांचे लाडके गाएतां द्युवाल आणि 2000 वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. पंगतीत कुणी रुसू नये म्हणून पाने मांडावीत, तशी ही मांडणी. तरी रुसवेफुगवे झालेच. 1998 मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या आधी छापला गेला. तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. (बाईचा चेहरा मात्र यांतल्या एकाही नोटेवर नाही, त्यापायी नोटा मागे घेतल्याचे ऐकिवात नाही.)

संसदेची पंगतही अशीच बसते. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सदस्य. रॉड्रिग्ज बेटाचे दोन. या 62 निर्वाचित सदस्यांशिवाय आठपर्यंत जागा ‘बेस्ट लूझर’ म्हणजे हरलेल्यांतल्या सरसांना मिळतात. त्या वाटायच्या समाजांचा तोल पाहून. त्यासाठी राज्यघटनेच्या परिशिष्टात समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन आणि या तिन्हींत ‘जीवनपद्धतीवरून’ न बसणारे सगळे, म्हणजे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज सांगायचा. कुणी हरकत घेतली, तर निवाडा सर्वोच्च न्यायालयाने करायचा. माणसाची राहणी पाहून त्याचा रकाना ठरवण्याचे काम कोणत्या न्यायमूर्तींना आवडत असेल?

या व्यवस्थेला हसणे सोपे आहे, पण ती आली भीतीतून. 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या द्युवाल यांच्या पक्षाला पडली होती. हिंदू बहुसंख्येखाली आपण चिरडले जाऊ, अशी धास्ती क्रिओलांना होती. मुस्लिमांच्या हमीसाठी रझाक मोहम्मद अडून बसले होते. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळाले, त्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईमध्ये क्रिओल-मुस्लिम दंगल पेटली होती. त्या घडीला आठ जागांची किंमत देऊन शांतता मिळत असेल, तर तो सौदा वाईट नव्हता.

वाईट झाले ते पुढे. 1982 मध्ये जनगणनेतून समाजाचा प्रश्नच काढून टाकला गेला. हेतू उदात्त: माणसे मॉरिशियन म्हणून मोजली जावीत. परिणाम विपरीत. जागावाटपाचे गणित 1972 च्या आकड्यांवर गोठले, ते आजतागायत. ‘रेझिस्तांस एक आल्टरनातिव’ या डाव्या संघटनेच्या लोकांनी समाज सांगायला नकार दिला, तर त्यांचे अर्ज बाद झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2012 मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. 2014 च्या निवडणुकीपुरती सक्ती उठली आणि 2019 ला जशीच्या तशी परतली.

मराठी वाचकाला या रकान्यांत थोडी आपलीही गोष्ट सापडेल. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. पण परिशिष्टात मराठी नाहीत, तमिळ नाहीत, तेलुगूही नाहीत. सगळे ‘हिंदू’ रकान्यात जमा.

आणि खरे आरक्षण तर कुठेच लिहिलेले नाही. स्वातंत्र्यापासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांतच फिरले आहे. अपवाद एकच: फ्रेंच वंशाचे पॉल बेरांजे, 2003 ते 2005. तेही पाच वर्षांतली तीन तुमची, दोन आमची, असा निवडणुकीपूर्वीचा करार अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याशी झाला होता म्हणून. कोणत्या मतदारसंघात कोणत्या समाजाचा, कोणत्या जातीचा उमेदवार द्यायचा, याची गणिते पक्ष कार्यालयांत मांडली जातात. आठ जागा उद्या रद्द झाल्या, तरी ती थांबणार नाहीत.

नोव्हेंबर 2024 मध्ये तर गंमतच झाली. नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा जिंकल्या. असे 1982 आणि 1995 मध्येही घडले होते. चौथाईहून अधिक मते मिळवूनही सत्तेतून गेलेल्या आघाडीचा एकही माणूस निवडून आला नाही. विरोधी पक्षनेता झालेले जो लेजोंगार सभागृहात पोहोचले ते बेस्ट लूझर म्हणून. समाजांचा तोल राखण्यासाठी केलेली तरतूद विरोधी पक्षाला जिवंत ठेवण्याच्या कामी आली. तोल खरा बिघडला आहे तो इथे, मतांच्या आणि जागांच्या प्रमाणात. त्यावर बहात्तरच्या शिरगणतीचे ठिगळ किती दिवस लावणार?

औषध नवे शोधायचे नाही. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी साक्स यांच्या आयोगाने 2002 मध्येच 30 जागा मतांच्या प्रमाणात भरण्याची शिफारस केली होती. पक्षांनी आपल्या यादीत क्रिओल, मुस्लिम, चिनी, मराठी, बायका सगळ्यांना जागा द्यावी आणि मतदाराने ती यादी पारखावी. उमेदवाराच्या कपाळावर रकाना छापायचे कारण उरत नाही. समाज सांगायला नकार देणाऱ्यांचे नेते अशोक सुब्रों यांना 2024 च्या मंत्रिमंडळात स्थान मिळाले. 60 जागा जिंकून आलेल्या आघाडीला घटनादुरुस्तीसाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आता टाळाटाळ झाली, तर दोष बहात्तरच्या जनगणनेला देता येणार नाही.