मर्यादा फक्त त्यांच्या ताटाला?



पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे आपण सुनांकडून तोंडपाठ करून घेतो. मग कालची उसळ, चार दिवसांचं इडलीचं पीठ, बरणीच्या तळाचं लोणचं कुणाच्या पोटात जातं? आपल्याच. का, तर "टाकवत नाही गं!"

दोन वर्षं माझ्या अंगावर पित्त उठायचं, रात्री छाती धडधडायची, झोप नाही. घरचे म्हणाले, वय झालं, मनाचं आहे. एक डॉक्टरही तेच म्हणाले. आणि मी मान डोलावली, याचा आज जास्त राग येतो. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी हिस्टामाइन हा शब्द सांगितला.

मी बी.कॉम., म्हणून जमाखर्चानं समजून घेतलं. हिस्टामाइन शरीर स्वतः तयार करतं, अ‍ॅलर्जीत जास्त सोडतं. शिवाय आंबवलेल्या, मुरवलेल्या पदार्थांतून, जुन्या चीजमधून ते बाहेरूनही जमा होतं. जिवाणू ते प्रथिनांतल्या हिस्टिडिनपासून बनवतात आणि एकदा बनलं की उकळूनही जात नाही. ("गरम करून खाते ना" हे आपलं समर्थन इथंच संपलं.) खर्चाची बाजू आतड्यातल्या डीएओ नावाच्या एन्झाइमकडे. ते कमी पडलं की खाज, गांधी, डोकेदुखी, धडधड, पोट बिघडणं. मेंदूत हेच द्रव्य आपल्याला जागं ठेवतं. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते ती त्यामुळेच. खाल्लेलं हिस्टामाइन सरळ मेंदूत शिरत नाही, पण रात्रभर खाजवत बसलेल्या बाईचं मन ठिकाणावर कसं राहील? आणि तिलाच म्हणायचं, मनाचं आहे!

आता कृपा करून "आचार्यांना हिस्टामाइन ठाऊक होतं" असले निरोप फिरवू नका. मर्यादा जीवदयेसाठी आहे, तिला प्रयोगशाळेचा शिक्का नको. प्रत्येकीची खाज हिस्टामाइनच्या जेवणामुळेच असते असंही नाही, आणि त्याची खात्रीची तपासणीही अजून नाही. टोमॅटो, पालक, सगळंच सोडून वाळू नका. वही घाला: काय खाल्लं, किती वाजता, काय झालं. मी सहा आठवडे लिहिली, तीच डॉक्टरांपुढे ठेवली. ओठ-घसा सुजला, श्वास अडला तर मात्र वही राहू द्या, आधी दवाखाना गाठा.

आमच्याकडे आता भाजी मोजून होते. उरलीच तर त्याच जेवणात सगळ्यांच्या पानात सारखी वाढते. पहिल्या दिवशी ह्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली, "मला नको, तू घे."

मी नाही घेतली.