नाव नको, सही बघा

‘तुम्हाला तीन-तीन राष्ट्रपती दिले, आणखी काय पाहिजे?’ शिरूरचा एसटी स्टँड असो की दौंड स्टेशनबाहेरची चहाची टपरी, मुसलमानांचा विषय निघाला की हे वाक्य मला ऐकावे लागतेच. त्यावर आपली माणसे काय म्हणतात? ‘हो, कलामसाहेब आमचेच.’ म्हणजे टोमणा मारणारा आणि टोमणा खाणारा, दोघांचा हिशेब एकच. नावे मोजायची. माझे भांडण या हिशेबाशी आहे.

राष्ट्रपतिपद कोणत्याही समाजाला ‘दिले’ जात नाही. ते एका माणसाकडे सोपवलेली अमानत असते. मंत्री घटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती मात्र कलम ६० नुसार घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतो. म्हणून त्याला विचारायचा प्रश्नही एकच : घटनेवर वेळ आली तेव्हा तुमच्या सहीने काय केले?

या कसोटीवर आपलीच नावे आधी घासून पाहू. फख्रुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, सही त्याआधीच झालेली होती. पुढच्या वर्षी दिल्लीत तुर्कमान गेटच्या मुसलमान वस्तीवर बुलडोझर फिरला, गोळीबार झाला. तेव्हा राष्ट्रपती भवनात मुसलमानच होता. काय उपयोग झाला?

आता कलामसाहेब. त्यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो आणि तो व्हावाच. २००६ मध्ये त्यांनी लाभाच्या पदाचे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना त्यांनी बिहार विधानसभा बरखास्तीवर सही केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, हे कोणी सांगत नाही. माणूस एकच, सह्या दोन. दोन्ही सांगायला हव्यात.

हे फक्त मुसलमानांपुरते नाही. के. आर. नारायणन दलित समाजातले. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल सरकारची शिफारस त्यांनी परत पाठवली. सरकारने तो विषयच सोडून दिला. १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी अशीच परत पाठवली. रामनाथ कोविंदही दलित समाजातलेच. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कामकाज नियमावलीतल्या नियम १२ चा आधार घेऊन. आठच्या सुमारास फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि आपल्याच जिल्ह्यातले अजित पवार उपमुख्यमंत्री. तीन दिवसांत ते सरकार कोसळले. पहाटेच्या त्या सहीला इतकी कसली घाई होती?

कोणी म्हणेल, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, तो बिचारा काय करणार? हे अर्धेच खरे आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला त्याला बांधील आहे आणि लोकशाहीत तसेच असावे. पण ४४ व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार त्याला आहे. कलम १११ नुसार अर्थविधेयक सोडून इतर विधेयकेही परत पाठवता येतात. संसदेने पुन्हा मंजूर केले तर सही करावीच लागते. पण तोवर देशाला थांबून विचार करायला वेळ मिळतो. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ११ डिसेंबर २०१९ ला राज्यसभेत मंजूर झाले, १२ ला सही झाली. वक्फ दुरुस्ती विधेयक ४ एप्रिल २०२५ च्या पहाटे मंजूर झाले, ५ ला सही झाली. देशभर विरोध असलेल्या विधेयकांना एवढाही वेळ मिळाला नाही.

‘दिल्लीतल्या गोष्टीत आपण काय करणार?’ असे म्हणू नका. राष्ट्रपती निवडतात आपलेच आमदार आणि खासदार. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. शिरूरच्या आमदाराचे १७५, दौंडच्या आमदाराचेही १७५. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हीप चालत नाही. सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. आमदार लग्नकार्याला, इफ्तारला, उरुसाला येतातच. रस्ता आणि कब्रस्तानची भिंत मागताना त्यांना हेही विचारा : तुमचे मत कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या नावाला देणार ते नको, घटनेवर वेळ आली तर ‘पुन्हा विचार करा’ असे सरकारला लिहून कळवण्याची हिंमत त्या माणसात आहे का, ते बघून देणार का?

चौथा मुसलमान राष्ट्रपती होईल की नाही, याची मला फिकीर नाही. सही करण्याआधी कागद वाचणारा राष्ट्रपती मला हवा आहे, मग तो कोणाचाही असो.