भिंतीला शोभतो म्हणून



गेल्या वर्षी आळंदीची कार्तिकी करून, द्वादशीचे पारणे फेडून आम्ही गावाकडे परतत होतो. आता गुडघे चालू देत नाहीत, म्हणून पुतण्या गाडीने नेतो-आणतो. हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात त्याने चहासाठी गाडी थांबवली. आत पाऊल टाकले आणि मी दारातच उभा राहिलो.

समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचे कृष्णधवल छायाचित्र होते. दिवे घाट, पावसाची झड, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली नऊवारीतली म्हातारी. शेजारी त्याच मापाची आणखी दोन छायाचित्रे होती. एकात जुन्या मुंबईची ट्राम, दुसऱ्यात झुपकेदार मिशांचा कोणी पैलवान. खाली पितळी दिवा, कुंडीत बांबू.

वृंदावनाचा एक कोपरा चेपलेला होता आणि त्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. माउली, ती तार पुण्याच्या मुक्कामात मीच गुंडाळली होती. त्या म्हणजे आमच्या दिंडीतल्या आक्का. बीडकडच्या कोरडवाहू गावातल्या. बत्तीस वाऱ्या केल्या, एकही चुकवली नाही. जाऊन पंचवीस वर्षे झाली.

गल्ल्यावरच्या मुलाला विचारले, "बाळा, या कोण आहेत?"

"वारकरी आहे, महाराज. आपली संस्कृती."

"नाव काय यांचे?"

तो हसला. "नाव कसं कळणार? सजावटवाल्याने तिन्ही फोटो एकदम आणले. भिंतीला शोभतात."

तो मुलगा काही वाईट नव्हता. चहाचे पैसेही घेईना. पण त्याचे ते शेवटचे वाक्य मला घरापर्यंत टोचत राहिले. थोर माणसांची चित्रे आणि जुनी छायाचित्रे छापून, चौकटीत बसवून, सोफ्याच्या रंगाला जुळतील अशी विकत आणायची आणि लावायची, ही जी रीत आता घरोघरी, हॉटेलोहॉटेली शिरली आहे, तिच्याविरुद्ध मला बोलायचे आहे. पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, तेव्हा आधी पूर्वपक्ष मांडून मगच उत्तर देण्याची सवय आहे. तसेच करतो.

पहिला पूर्वपक्ष असा की, बुवा, चित्रे तर तुम्हीही पूजता. देव्हाऱ्यात फोटो, मठात फोटो, मग हॉटेलातल्या फोटोवर राग कशाला?

प्रश्न रास्त आहे. छापील चित्राने या महाराष्ट्रावर उपकारच केले आहेत. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि रामपंचायतन, शिवछत्रपती, नाना फडणवीस यांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या घरात आली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला; तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद एकामागून एक दगडावर दाबायचा, असे ते कष्टाचे काम. त्यातून लक्ष्मी-सरस्वती झोपडीपर्यंत पोचल्या.

ज्याला मंदिराचे दार बंद होते त्याच्यासाठी त्या कागदाची किंमत काय होती, हे मला आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याने सांगितले. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावले, तेव्हा कुठे विठ्ठलाचा गाभारा सर्वांना खुला झाला. त्याआधी या म्हाताऱ्याच्या बापाने वारी केली की कळसाला हात जोडून परतायचे. मग एका वर्षी त्याने बाजारातून विठोबाचे छापील चित्र आणले आणि कुडाच्या भिंतीला लावले. रोज सकाळी चूळ भरल्याशिवाय त्याच्याकडे कोणी बघत नसे. म्हातारा म्हणाला, "बुवा, आमचं पंढरपूर ते एक हात लांब नि एक वीत रुंद होतं."

कागद तोच, शाई तीच, खिळाही तोच. पण त्या कुडाच्या घरात माणसे चित्रापुढे उभी राहत. हॉटेलात चित्र माणसांच्या पाठीमागे उभे असते. तिथे लोक आक्कांकडे पाठ करून उभे राहतात, स्वतःचा फोटो काढतात आणि निघून जातात. माझे भांडण चित्राशी नाही. चित्राकडे पाठ करण्याशी आहे.

कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, पण तुमच्या संतांची चित्रे तरी खरी कुठे आहेत? नाहीत, हे मी मान्य करतो. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली समाधी घेतली. त्यांना समोर बसवून काढलेले चित्र आपल्यापाशी नाही. जे आहे ते पुढच्या चित्रकारांनी भावनेने रंगवलेले. तुकोबारायांचे तर आणखी नवल. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. त्यांचे ते रूप लोकांच्या मनात इतके ठसले की पागनीसांचेच छायाचित्र तुकोबांचे म्हणून कितीतरी घरांत पूजेला लागले. माझ्या आईच्या देव्हाऱ्यातही तेच होते. मला कळले तेव्हा मी कॉलेजात होतो. मोठ्या ऐटीत आईला सांगितले. ती फुले वाहता वाहता म्हणाली, "असू दे. त्या बिचाऱ्यालाही पुण्य लागेल." पुढे आयुष्यभर कीर्तने केली, पण या उत्तरापुढे मी आजही गप्प आहे.

मग भावच खरा असेल, तर कोणाचे चित्र कुठेही लावले तरी चालेल काय? मुळीच नाही. भाव खरा म्हणूनच शोभेचे चित्र खोटे, कारण नेमका भावच तिथे नसतो. आईचे चित्र चुकीचे होते आणि नमस्कार खरा होता. हॉटेलातले चित्र खरे होते आणि नमस्कार कोणाचाच नव्हता.

आपल्या संप्रदायाने यावर पूर्वीच विचार करून ठेवला आहे, असे मला वाटते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी काढली, तेव्हा तिच्यात काय ठेवले? पादुका. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा शिस्तीने बांधला, तेव्हा पालखीत काय होते? पादुकाच. लाखो माणसे ज्या सोहळ्यात चालतात, त्याच्या मध्यभागी चेहरा नाही, पाऊल आहे. नामदेवरायांनी तर महाद्वारातली पायरी मागून घेतली. हैबतबाबाही आळंदीत पायरीशीच विसावले. चेहरा आपण आपल्या आवडीने निवडू शकतो, खोलीच्या रंगाला जुळवू शकतो. पावलाचे तसे होत नाही. पाऊल दिसले की आपल्याला त्यामागे चालावे लागते.

दुसरा पूर्वपक्ष जरा चतुर आहे. म्हणतात, बुवा, शोभेसाठी का होईना, संत-महात्मे डोळ्यांसमोर राहतात. येता-जाता नजर पडते, हेही थोडे नाही.

यावर एक पाहिलेला प्रसंग सांगतो. शहरात एका सधन गृहस्थाकडे जेवायला गेलो होतो. बैठकीत गाडगेबाबांचे मोठे छायाचित्र, जुन्या तपकिरी छटेत छापलेले. चौकट सागवानी, वर खास दिवा सोडलेला. छायाचित्र अस्सल. हे तुकोबांसारखे कल्पनेतले रूप नव्हे. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले, त्यांना पाहिलेली माणसे माझ्या तरुणपणी गावोगाव होती. गृहस्थ मला त्या कागदाचा दर्जा समजावून सांगत होते. तेवढ्यात कामवाल्या बाई केर काढायला आल्या. गृहस्थांनी बोलणे न थांबवता दोन्ही पाय उचलून वर घेतले, बाईंनी पायांखालून झाडू फिरवला, पाय पुन्हा खाली आले. त्यांनी बाईंकडे पाहिले नाही आणि वरच्या छायाचित्राकडेही पाहिले नाही. ज्या माणसाने गावात शिरताच आधी हातात खराटा घेतला, मग कीर्तन केले. ज्याने पंढरपुरात, आळंदीत, देहूत, नाशकात गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः खापरात मागून खाल्ले. जो कोणाला पाया पडू देत नसे, तो तिथे सागवानी चौकटीत अडकून हे सारे बघत होता.

नजर पडते म्हणता? शोभेसाठी लावलेल्या वस्तूवर पहिले आठ दिवस नजर पडते. पुढे ती भिंतीचाच भाग होते. जे चित्र आपल्याला काही विचारत नाही, ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

आता खऱ्या छायाचित्रांविषयी आणि ऐतिहासिक चित्रांविषयी एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. संतांचे रूप कल्पनेतले असेल तर भावावर भागते. पण जिथे खरा माणूस चित्रात आहे, तिथे तो कोण हे विचारणे आपले देणे आहे. एके काळी शिवछत्रपतींचे म्हणून दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र पुस्तकांतून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी संग्रहांचा धांडोळा घेऊन महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले. याच बेंद्र्यांनी तुकोबांच्या चरित्रावरही मोठे काम केले, म्हणून वारकऱ्याने त्यांचे नाव विसरू नये. भिंतीला शोभते एवढेच त्यांना पुरे असते, तर जुने चित्रही शोभतच होते. पण हा पुरुष कोण, याची त्यांना चाड होती. तीच चाड छत्रपतींच्या चित्रापुरती असावी आणि दिवे घाटातल्या म्हातारीला नसावी, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? बत्तीस वेळा घाट चढलेली बाई म्हणजे 'संस्कृती' आणि तिला नाव नको, हे मला मान्य नाही. छायाचित्र काढणाऱ्यावर माझा राग नाही. त्या पावसात तोही भिजला असेल. पण पुढे ज्या ज्या हातांतून तो कागद गेला, त्यांतल्या एकालाही या कोण असे विचारावेसे वाटू नये?

दुसऱ्यांना एवढे बोललो, आता आपल्या घरात पाहू. माझ्या पंचाहत्तरीला गावकऱ्यांनी प्रेमाने फ्लेक्स लावला. त्यावर माझे तोंड बैलगाडीच्या चाकाएवढे आणि वर कोपऱ्यात पांडुरंग पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी तेव्हा काही बोललो नाही. खरे सांगायचे तर दोनदा जाऊन पाहून आलो. महिन्याने तो फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर अंथरलेला दिसला. माझ्या तोंडाने पावसाळाभर कडबा राखला, तेवढाच त्याचा खरा उपयोग. आज सप्ताहाच्या मांडवात पाहा, कीर्तनकारांच्या चेहऱ्यांची रांग आणि देव शोधावा लागतो. आपणही चित्राची शोभाच केली आहे. हॉटेलवाल्याला बोलण्याआधी आपण आपले मांडव झाडून घेऊ.

तेव्हा माउली, माझे मागणे थोडे आहे. घरातली चित्रे उतरवा असे मी म्हणत नाही. एकदा त्यांच्यापुढे उभे राहा. हे कोण, हे मुलांना सांगता येते का पाहा. येत नसेल तर शोधून काढा आणि चौकटीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव कळले की त्या माणसाने आपल्याकडे काय मागितले होते ते आठवा, आणि त्यातले एक तरी करा. गाडगेबाबा लावले असतील तर निदान आपला केर आपण काढा. तेवढेही जमणार नसेल, तर तिथे डोंगराचे, फुलांचे चित्र लावा. डोंगर काही मागत नाही.

आक्कांचा नातू हल्ली आमच्या दिंडीत पाण्याच्या टँकरवर असतो. त्याच्या घरात आजीचा एकही फोटो नव्हता. हॉटेलातून निघताना पुतण्याने मोबाईलवर त्या भिंतीचे छायाचित्र घेतले होते. ते तालुक्याच्या गावी छापून आणले आणि नातवाला दिले. त्यात हॉटेलच्या दिव्याची तिरीप आली आहे, कडेला ट्रामचे चाकही आले आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग पाठीमागची कोरी बाजू माझ्यापुढे धरून म्हणाला, "महाराज, यावर आजीचं नाव तुमच्या हातानं लिहून द्या."

लिहून दिले. हॉटेलातल्या त्या मुलालाही निघताना आक्कांचे नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून दिले आहे. छायाचित्राखाली एवढी पाटी लावा म्हणालो. "बघतो" म्हणाला. यंदाच्या कार्तिकीला पुन्हा तिथे उतरणार आहे. पाटी नसेल तर पुन्हा चिठ्ठी देईन.

रामकृष्ण हरी.