सहावी दाढ दुधाची नसते

सावेडीतल्या आमच्या वस्तीत मागच्या महिन्यात आठ वर्षांच्या एका मुलीची खालची दाढ काढावी लागली. आई म्हणाली, "दुधाचीच होती, नवी येईल." ती येणार नाही. ती पक्की दाढ होती.

चूक त्या माउलीची नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुधाचे दात वीस असतात: आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन येतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे. (वरचे आधी आले म्हणून मामाला काही होत नाही.) सहाव्या वर्षी पुढचे दात हलू लागतात. त्याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात पत्ताच लागत नाही. तिच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा अडकून बसतो आणि कीड लागते.

मुलाला उजेडात बसवा. पुढच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजत जा, पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरा. पहिल्या पाच जागा दुधाच्या दातांच्या. सहावी दाढ जन्माची.

दुधाच्या दाढाही "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि खालून येणाऱ्या उपदाढांची जागा राखतात. लवकर काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते, मग दात वेडेवाकडे येतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करतं. त्यात दातांची कीडही बघतात. पण मिळालेली चिठ्ठी दप्तरातच राहते. ती मागून घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात जा. कीड लहान असताना दाढ भरता येते. आपण ठणका लागल्यावर जातो, तेव्हा काढणंच परवडतं. पैसेवाल्याच्या मुलाची दाढ वाचते आणि आपल्या मुलाची निघते, हे नशीब म्हणून मी मान्य करणार नाही.

रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासून घ्या. तीन वर्षांवरच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मिश्रीचं बोट मुलाच्या तोंडात नको. येत्या रविवारी विहारात मुलं जमतील तेव्हा टॉर्च घेऊन या, तिथंच मोजू.